कॅनडाच्या प्रेअरीतला कोरडा उन्हाळा: पिकांच्या स्थितीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेअरी म्हणजे नेमका कोणता भाग?

अल्बर्टा, सस्कॅचवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांचा दक्षिणेकडचा शेतीचा पट्टा. शाळेच्या भूगोलात 'गव्हाचं कोठार' म्हणून येतो तोच. इथली जमीन रंगावरून ओळखतात: तपकिरी, गडद तपकिरी आणि काळी. काळी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कापसाची काळी येते. पण ती लाव्ह्यातून झालेली, ही हजारो वर्षं कुजलेल्या गवतातून. दोन्हींचा संबंध रंगापुरताच.

सगळ्यांत कोरडा पट्टा तपकिरी जमिनीचा. स्विफ्ट करंट आणि मेडिसिन हॅट ही गावं त्यातच येतात. १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर याच्या मोहिमेने हा भाग शेतीच्या लायकीचा नाही असं नोंदवलं, म्हणून त्याला पॅलिसर त्रिकोण म्हणतात. पास्त्याचा ड्युरम गहू आणि आपल्याकडे येणारा मसूर यांतला मोठा वाटा आज त्याच त्रिकोणातून निघतो.

वर्षाला ३५०-४०० मिमी पावसात पीक येतंच कसं? मराठवाड्यात तर ७०० मिमीलाही दुष्काळ जाहीर होतो.

थंडीमुळे. हिवाळ्यात जमीन गोठलेली असते, बाष्पीभवन जवळपास थांबतं आणि साचलेलं बर्फ वसंतात वितळून काही प्रमाणात जमिनीत मुरतं. पेरणी एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीला, काढणी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. पीक जेमतेम शंभर दिवसांचं, त्यात जूनचा दिवस सोळा तासांचा. (इथला 'उन्हाळा' म्हणजे आपला पावसाळा, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.)

गव्हासाठी इथे एक ठोकताळा वापरतात. पहिले १०० ते १२५ मिमी पाणी नुसतं झाड उभं करण्यात जातं, दाणा एकही मिळत नाही. त्यापुढे दर २५ मिमीला एकरी ५ ते ७ बुशेल. गव्हाचा बुशेल २७.२ किलोचा. समजा वसंतात जमिनीत १०० मिमी ओल आहे आणि हंगामात १५० मिमी पाऊस झाला. एकूण २५०, त्यातले ११० वजा, उरले १४०. म्हणजे साधारण ३३ बुशेल, एकरी ९ क्विंटल. पाऊस ८० मिमीवरच थांबला तर उरतात ७०, आणि उतारा १७ बुशेलवर येतो, म्हणजे साडेचार क्विंटलच्या आसपास. पाऊस निम्म्यावर आला की पीकही निम्म्यावर. पण पाऊस ४० मिमीच झाला, तर हिशोबात एकरी दोन क्विंटलच उरतात. कम्बाइनच्या (कापणी-मळणीच्या यंत्राच्या) डिझेलचा खर्च निघेल की नाही, हा प्रश्न तिथे सुरू होतो.

हंगामात १५० मिमी पाऊस झाला, तरी एका शेतात ४० बुशेल आणि शेजारी १५, असं का?

पाऊस किती झाला यापेक्षा तो कधी झाला, याला जास्त वजन आहे. जुलैच्या कडक उन्हात, वारा असताना, भरात असलेला गहू दिवसाला ७ ते ८ मिमी पाणी ओढतो. २५ मिमीची चांगली सर तीन-चार दिवसांत संपते.

गव्हाचा उतारा तीन टप्प्यांत ठरतो. चौथ्या-पाचव्या पानाला फुटवे किती टिकणार हे ठरतं. ओल कमी असली की झाड स्वतःच फुटवे मारून टाकतं, आणि नंतर कितीही पाऊस झाला तरी ते परत येत नाहीत. पोटरीत, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असताना, तिच्यातल्या दाण्यांची संख्या ठरते. त्यानंतर राहतं दाण्याचं वजन. म्हणून जूनमधला पाऊस सोन्याचा, जुलैच्या मध्याचा चांदीचा. ऑगस्टचा बहुतेक वेळा उपद्रवाचा, त्याबद्दल पुढे आहेच.

दोन शेजाऱ्यांत फरक पडायला अजून एक कारण: एकाने उशिरा पेरलं आणि त्याचं पीक उष्णतेच्या लाटेत पोटरीऐवजी फुटव्यावर सापडलं. त्याचं नशीब.

कापणीआधी उताऱ्याचा अंदाज कसा काढायचा?

गव्हात एक चौरस मीटरची चौकट टाका, आतल्या ओंब्या मोजा. वीसेक ओंब्या चोळून दाण्यांची सरासरी काढा. चांगल्या वर्षी हजार दाण्यांचं वजन ३५ ग्रॅमच्या आसपास असतं, कोरड्या वर्षी २८-३० धरा. उदाहरणार्थ २५० ओंब्या, ओंबीला २० दाणे, हजारी वजन ३० ग्रॅम: चौरस मीटरला १५० ग्रॅम, एकरी ६०० किलो, म्हणजे २२ बुशेल. त्यातून कापणीची गळ म्हणून दहा टक्के वजा करा.

चूक होते ती जागा निवडताना. रस्त्याकडेची पट्टी पाहून ठरवू नका, तिथे चरांतल्या बर्फाचं पाणी मिळतं आणि पीक हिरवं दिसतं. १६० एकरांच्या तुकड्यात निदान दहा ठिकाणी मोजा. टेकाडावर आणि खोलगटात वेगवेगळं. कोरड्या वर्षी टेकाडं आधी जळतात.

कॅनोलाला उष्णता एवढी का बाधते?

मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक ते, त्याला थंडावा लागतो. फुलोऱ्यात दिवसाचं तापमान २८-३० अंशांवर गेलं आणि रात्रही गार पडली नाही, की परागकण निकामी होतात, फुलगळ होते. नंतर दांडा पाहिला तर खाली शेंगा, मध्ये नुसते देठ, वर पुन्हा शेंगा. ते मधलं मोकळं अंतर म्हणजे उष्णतेच्या लाटेची तारीखच झाडावर लिहिलेली असते.

दिलासा एवढाच, की हे पीक फुलत राहतं. खाली ओल असली आणि लाट आठवड्यात ओसरली तर फांद्यांवर नवी फुलं येतात. ओल नसेल तर तो मार्गही बंद. जूनअखेरच्या आणि जुलैच्या उष्णतेचं पहिलं बिल म्हणूनच कॅनोलाच्या नावावर फाटतं.

मसूर आणि वाटाणा कोरड्यात चांगले येतात म्हणतात, ते खरं का?

मसुराच्या बाबतीत बरंच खरं. त्याला पाणी थोडं पुरतं, उलट ओल जास्त झाली तर तो वाढतच राहतो, शेंगा धरत नाही आणि बुरशीला बळी पडतो. फुलोऱ्यानंतर थोडा ताण त्याला हवाच असतो. पण फुलोऱ्याआधीच ओल संपली तर झाड वीतभर राहतं आणि शेंगा जमिनीला टेकतात. मग अडचण उताऱ्याइतकीच कापणीचीही होते. पेरल्यावर लोखंडी रोलर फिरवून दगड-ढेकळं दाबली नसतील तर कम्बाइनचं पातं शेंगांपर्यंत पोहोचत नाही, पोहोचलं तर दगड गिळतं. रोलर पेरणीनंतर लगेच, किंवा उशिरात उशिरा रोप सहा-सात पेरांचं होईपर्यंत. त्यानंतर फिरवला तर खोड मोडतं.

वाटाण्याला मात्र उष्णता सोसत नाही. फुलोऱ्यात चार-पाच दिवस तापमान तिशीच्या वर राहिलं की वरची फुलं गळतात आणि पीक लवकर आटोपतं.

जमिनीतली ओल घरच्या घरी कशी तपासायची?

एक सळई पुरते. सुमारे १० मिमी जाडीची, मीटरभर ते सव्वा मीटर लांब लोखंडी सळई, वर आडवी मूठ, खालच्या टोकाला सळईपेक्षा किंचित मोठी बेअरिंगची गोळी वेल्ड केलेली. गोळी मोठी असल्याने सळईच्या अंगाला माती घासत नाही आणि हाताला लागतो तो फक्त टोकाचा अडथळा. अंगाच्या भाराने सरळ दाबा. ओली माती असेपर्यंत ती आत जाते, कोरड्या थराशी थांबते. एकदम 'टण्' आवाज करून थांबली तर तो दगड. फूटभर बाजूला होऊन पुन्हा दाबा.

दर ३० सेंमी ओल्या थरात वाळूसर जमीन साधारण २५ मिमी, पोयट्याची ४०-४५ आणि चिकणमाती ५० मिमी पाणी पिकाला देऊ शकते. सळई ६० सेंमी गेली आणि जमीन पोयट्याची असेल तर खात्यात ८०-९० मिमी जमा आहेत. पेरणीआधी मोजलेला हा आकडा वरच्या ठोकताळ्यात घाला. मृगाच्या आधी वाफसा पाहणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. फरक असा, की इथे पेरणी वरच्या ओलीवर आणि पीक खालच्या ओलीवर, असे दोन वेगळे हिशोब चालतात.

सरकारी पीक अहवालातले शब्द कसे वाचायचे?

सस्कॅचवानचा कृषी विभाग एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला अहवाल काढतो. गावोगावचे स्वयंसेवक आपापल्या भागाची माहिती देतात. ओलीसाठी चार पायऱ्या: जादा, पुरेशी, कमी, फार कमी. पिकासाठी उत्तम ते अतिशय वाईट अशा पाच. आपल्याकडची नजर पैसेवारी आठवा: अनुभवी डोळ्याचा अंदाज, मापन नव्हे. फरक असा, की पैसेवारीवर दुष्काळाच्या सवलती अवलंबून असतात, या अहवालावर काही मिळत नाही.

एका आठवड्याचा आकडा पाहू नका, तीन-चार आठवड्यांचा कल पाहा. 'वरच्या थरात पुरेशी ओल' हे एका सरीने दोन दिवसांसाठी खरं ठरतं. खालचा थर कोरडाच असतो.

केंद्राच्या कृषी खात्याचा दुष्काळ नकाशा डी-० ते डी-४ अशा पायऱ्यांत असतो. डी-० म्हणजे नेहमीपेक्षा कोरडं, डी-४ म्हणजे क्वचित पडणारा दुष्काळ. उपग्रहाच्या हिरवाईच्या नकाशावर विसंबणाऱ्यांसाठी एक इशारा: कॅनोला फुलला की शेत पिवळं होतं आणि हिरवाईचा निर्देशांक घसरतो. ते पीक वाळल्याचं लक्षण नव्हे.

नाकतोड्यांवर फवारणी कधी?

आदल्या वर्षीचा उन्हाळाअखेर आणि शरद कोरडा, उबदार गेला की मादी अंडी भरपूर घालते, बहुधा चरांच्या काठाला आणि पडीक पट्ट्यांत. पुढचा वसंत कोरडा असला की पिल्लं मरत नाहीत. म्हणून त्यांचा त्रास दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी जास्त.

मोजणी अशी: चार पावलांवरच्या एका चौरस फुटावर नजर ठेवा, चालत जा, तिथून किती उडाले ते मोजा. वीस ठिकाणी करून सरासरी काढा आणि ११ ने गुणा, म्हणजे चौरस मीटरचा आकडा मिळतो. गहू-बार्लीत चौरस मीटरला ८ ते १२ झाले की विचार करायचा. मसुरात फुलोरा आणि शेंगांच्या वेळी २ पुरे. तिथे ते पान सोडून शेंगच कुरतडतात. शिवाय नाकतोड्यांचे तुकडे मसुराच्या दाण्याएवढे असल्याने चाळणीतून सुटत नाहीत आणि मालाची प्रत उतरते.

पंख फुटण्याआधी, जूनमध्ये, काठाच्या पट्ट्यांवरच फवारलं तर औषध आणि पैसा दोन्ही वाचतं. पंख फुटल्यावर शेजाऱ्याच्या शेतातून ते रोज नवे येतात. औषधानंतर कापणीपर्यंत किती दिवस थांबायचं हे लेबलावर बघूनच डबा उघडा.

दाणा भरत नाही म्हणून ओट-बार्ली चाऱ्यासाठी कापली तर जनावरांना धोका आहे का?

आहे, आणि तो ज्वारीच्या किरळीपेक्षा वेगळा. किरळ लागते ती कोवळ्या ज्वारीतल्या सायनाइडमुळे, वाळवल्यावर ती बरीच कमी होते. इथला धोका नायट्रेटचा. ते वाळवून जात नाही.

झाड मुळांनी नत्र ओढत राहतं, पण ताणामुळे त्याची प्रथिनं होत नाहीत, आणि नायट्रेट खोडाच्या खालच्या भागात साठतं. लांब कोरड्यानंतर पाऊस पडला की पहिल्या तीन-चार दिवसांत ते एकदम चढतं. तेव्हा कापू नका. आठवडाभर थांबा, पातं नेहमीपेक्षा वर ठेवा आणि नमुना प्रयोगशाळेत द्या. सुक्या वजनावर ०.५ टक्क्यापर्यंत नायट्रेट चालतं. ०.५ ते १ असेल तर दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या. १ च्या वर देऊ नका.

अहवाल वाचताना एक घोळ नेहमी होतो. काही प्रयोगशाळा 'नायट्रेट' लिहितात, काही 'नायट्रेटमधलं नत्र'. दुसरा आकडा असेल तर ४.४ ने गुणा, मगच वरच्या मर्यादेशी ताडा. ०.२ वाचून निश्चिंत झालेला माणूस प्रत्यक्षात ०.९ चा चारा घालत असतो. विषबाधा झालेल्या जनावराचं रक्त चॉकलेटी दिसतं आणि ते तासाभरातही दगावू शकतं. मुरघास केला तर नायट्रेट काही प्रमाणात उतरतं.

शेततळ्यातलं पाणी दिसायला स्वच्छ आहे. तपासायचं कशाला?

पाणी आटतं, क्षार मागे राहतात. प्रेअरीच्या पाण्यात सल्फेट मुळातच जास्त. लिटरला १,००० मिलीग्रॅमच्या पुढे गेलं की गुरांच्या चाऱ्यातला गंधकही हिशोबात धरावा लागतो, त्याहून खूप वर गेलं तर मेंदूवर परिणाम होऊन जनावर आंधळं होतं, मरतं. हातातल्या विद्युतवाहकता मीटरने दर दोन आठवड्यांनी बघा, आकडा चढताना दिसला की नमुना पाठवा. निळं-हिरवं शेवाळ तरंगताना दिसलं तर त्याच दिवशी गुरं हलवा.

ऑगस्टमध्ये भरपूर पाऊस झाला तर पीक सावरतं का?

गव्हासाठी तो उशिरा येतो. दाणे भरून झालेले असतात आणि झाड खालून नवे हिरवे फुटवे फोडतं. २०२१ च्या दुष्काळात बऱ्याच भागांत हेच झालं. एकाच शेतात पिकलेल्या ओंब्या आणि हिरवं गवत. थांबावं तर पिकलेलं गळतं, कापावं तर हिरव्या दाण्यांनी माल ओला होतो आणि साठवणीत तापतो. हिरव्याला धान्य धरू नका. ज्या ओंब्यांत पैसा आहे त्यांच्या तारखेने चाला. कॅनोलात नव्या फांद्यांवर शेंगा धरल्या तरी पहिल्या थंडीच्या कडाक्याआधी त्या पिकतील का, हे दिवस मोजूनच ठरवा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दहिवर गोठू शकतं.

कुरणं, हिवाळी गहू आणि पुढच्या वर्षीची ओल यांना मात्र तोच पाऊस हवा असतो.

कापणीत काय वेगळं करायचं?

दाणा चिमलेला आणि हलका, म्हणून कम्बाइनचा पंखा कमी ठेवा, नाहीतर धान्य भुशाबरोबर मागे उडतं. कम्बाइनमागे चौरस फुटात गव्हाचे २० दाणे पडलेले दिसले तर एकरी एक बुशेल गळतोय असं समजा. १५ बुशेलच्या पिकात दोन बुशेल मागे टाकणं परवडत नाही.

आगीचं बघा. कोरडा भुसा एक्झॉस्टवर साचतो. दिवसातून दोनदा ब्लोअरने झाडा, बेअरिंग हाताला चटका देतंय का पाहा, शेताच्या कडेला पाण्याची टाकी आणि डिस्क लावलेला ट्रॅक्टर तयार ठेवा.

३० अंशांत कापलेला कॅनोला ओलावा ८ टक्के असला तरी कणगीत तापतो. भरल्याबरोबर हवेचा पंखा लावून तापमान १५ अंशांखाली आणा.

विम्याचं काय?

तिन्ही प्रांतांत सरकारी पीक विमा आहे. हप्त्याचे ४० टक्के शेतकरी भरतो, ३६ केंद्र, २४ प्रांत. पीक चाऱ्यासाठी कापायचं असेल तर आधी कळवा, पाहणी होऊ द्या. मागितलं तर नमुन्याच्या पट्ट्या उभ्या ठेवा. आधी कापून मग फोन केला तर दावा अडकतो.

आगाऊ विक्री करार ही वेगळी खोच. नैसर्गिक आपत्तीचं कलम नसेल तर माल पिकला नाही तरी तो देणं लागतं, आणि दुष्काळात भाव चढलेले असताना फरक खिशातून भरावा लागतो. २०२१ मध्ये अनेकांना उतारा घसरण्यापेक्षा हा फटका मोठा बसला. पेरणीआधी अपेक्षित पिकाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, असं आमचं मत.

याचा आपल्या डाळीच्या भावाशी काय संबंध?

थेट संबंध. भारतात बाहेरून येणारा मसूर मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचा, आणि कॅनडातला बहुतांश सस्कॅचवानचा. रगड्यात शिजतो तो पांढरा वाटाणाही बऱ्याचदा तिथलाच, तिकडे त्याला पिवळा म्हणतात. २०२० मध्ये कॅनडात मसूर सुमारे २९ लाख टन झाला होता, २०२१ मध्ये १६ लाख. वाटाणा ४६ वरून २३ लाखांवर, गहू साडेतीन कोटींवरून सव्वादोन कोटींच्या आसपास, कॅनोला १९५ लाखांवरून १४० लाखांच्या खाली. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये मोहरीच्या चटणीचा तुटवडा पडला, कारण त्यांची मोहरीही मुख्यतः कॅनडातूनच जाते.

लातूर-अकोल्याच्या डाळमिलवाल्यांनी तिकडचा पाऊस बघताना जूनचा दुसरा ते चौथा आठवडा बघावा. जुलैअखेर बातम्या येतात तेव्हा पीक ठरून गेलेलं असतं. भावावर आयात शुल्काचाही तेवढाच भार. वाटाण्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये एका रात्रीत ५० टक्के लागलं होतं.

पुढच्या वर्षीची तयारी?

चार गोष्टी. पहिली, धसकटं २५-३० सेंमी उंच ठेवा, हिवाळ्यात ती बर्फ अडवतात. नांगर घालू नका. दुसरी, शरदात माती तपासा. पीक कमी आलं म्हणजे नत्र जमिनीतच शिल्लक आहे, तेवढं खत वाचेल.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: तणनाशकाचा अंश. ओल नसली की मातीतले जिवाणू ते कुजवत नाहीत. क्लोपिरॅलिडसारखं औषध मारलेल्या गव्हाच्या शेतात पुढच्या वर्षी मसूर पेरला तर पानं पेल्यासारखी वळतात आणि पीक बसतं. उन्हाळ्याचा पाऊस लेबलवरच्या किमान आकड्याला पोहोचला नसेल तर त्या शेतात मसूर-वाटाणा टाळून गहू किंवा बार्ली घ्या.

चौथी, कोशिया. हे तण कोरड्यात आणि खारट जागीच माजतं. २०११ पासून अल्बर्टात ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणारं सापडू लागलं. वाळलं की बुडातून तुटतं आणि वाऱ्याबरोबर गडगडत बी सांडत मैलभर जातं. पण त्याचं बी जमिनीत एक-दोन वर्षांपलीकडे टिकत नाही. खारट कोपऱ्यातली झाडं बी धरण्याआधी ऑगस्टमध्येच कापून टाकली, तरी पुढच्या वर्षी निम्मं काम हलकं होतं.